मीरासाब मिस्त्रींचा महाल

चूक अस्मादिकांची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचता वाचता तुम्ही मीरासाब मिस्त्रींना नाहीतर केरबाला शिव्या घालाल, आणि त्या दोघांनी आयुष्यात शिव्या आणि लाथा पोटभर खाल्ल्या आहेत.

साल एकाहत्तर. कोल्हापुरातल्या एका सिनेमा स्टुडिओच्या गोदामात अस्मादिक सामान काढून द्यायच्या कामावर होते. मॅट्रिकला मराठीत एकोणसत्तर मार्क, खुर्ची ओळखण्यात शून्य. गोदामात डावीकडं बसायच्या खुर्च्या असत आणि उजवीकडं मोडायच्या. मोडायची खुर्ची म्हणजे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, सांधे अर्धे कापून मेणानं चिकटवलेली. मारामारीच्या शूटिंगला ती कुणाच्या पाठीत घातली की तिच्या काटक्या होतात आणि मार खाणारा धोतर झाडून चहाला जातो. त्या दिवशी डायरेक्टर "खुर्ची! खुर्ची!" म्हणून ओरडला आणि अस्मादिकांनी घाईघाईत डावीकडची उचलून दिली. अस्सल सागवान.

खुर्ची मोडली नाही. केरबा मोडला.

केरबा शिरोळकडचा गडी. सहा फूट उंच, रेड्याची मान, आणि धंदा सिनेमात मार खायचा. बारा वर्षांत त्यानं एकदाही मारामारी जिंकली नव्हती. हिरोचा पहिला दणका बसला तेव्हा उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. हिरो हातातल्या खुर्चीकडं बघतच राहिला, कारण ती फुटायला पाहिजे होती आणि डायरेक्टर 'कट' म्हणत नव्हता. मग त्यानं आणखी एक घातली.

दोन बरगड्या गेल्या आणि गळ्याजवळचं हाड. केरबाला बाजेवर घालून नेताना त्यानं गर्दीतून एकच माणूस हुडकला. कारण बसायच्या असोत की मोडायच्या, स्टुडिओतल्या सगळ्या खुर्च्या मीरासाब मिस्त्रींच्या हातच्या.

"मिस्त्री," रक्ताची गुळणी टाकत केरबा म्हणाला, "घरात लई शोभा करून ठेवलीयास म्हनं. बरगड्यास्नी बांधतील त्यो पट्टा सुटू दे. घरातली एक वस्तू शाबूत ठेवली तर नाव केरबा लावणार न्हाय."

मिस्त्रींना त्यानं मारायची धमकी दिली असती तर त्यांनी हसून सोडून दिली असती. मार त्यांना नवा नव्हता. पण त्यानं घराचं नाव काढलं, आणि पन्नाशीचा तो पाच फूट दोन इंची माणूस काम टाकून तडक घराकडं सुटला.

त्याला कारण होतं. मिस्त्री स्टुडिओत प्लास्टरचे साचे ओतत आणि सेट उभे करत. अठरा वर्षांत त्यांनी नऊ राजवाडे बांधले, देवळं बांधली, एक तुरुंग बांधला, काश्मीरचं तळं कोल्हापुरात आणून ठेवलं. त्यातलं तीन महिन्यांच्या वर काही उभं राहिलं नाही. शूटिंग संपलं की घण. बापानं पोरगं वाढवावं आणि दर तिमाहीला कुणीतरी येऊन त्याचं मुंडकं उडवावं, असा तो धंदा.

सेट मोडायच्या दिवशी मात्र स्टुडिओत एक रीत होती. जे अख्खं खाली येईल, ते पहिला हात लावेल त्याचं. बाकीचे कामगार फळ्यांसाठी झोंबत. कुणाला गोठ्याला दार हवं असे, कुणाला चुलीला जळण. मिस्त्री झोंबत ते आपल्याच हातचं वाचवायला. वरनं घण चालू, खालनं माती, आणि त्या धुरळ्यात बुटका मीरासाब दातओठ खात घुसलेला. दारावरचे दोन सिंह त्यांनी असेच आणले. त्यापायी एका गाडीवानाच्या कानाची पाळी त्यांच्या दातांत राहिली. मोराची पाठ असलेलं सिंहासन आणताना त्यांचे स्वतःचे पुढचे दोन दात गेले. शिसम रंगाचा दरवाजा आणला त्या दिवशी एका सुताराचा अंगठा उलटा वळला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूमागं कुणाचं ना कुणाचं रक्त होतं, आणि निम्मंअधिक मिस्त्रींचं.

घर होतं शाहूपुरीतल्या एका बोळात. भाड्याच्या दोन खोल्या, वर कौलं. त्या दोन खोल्यांत मिस्त्रींनी जे कोंबलं होतं त्यात एक संस्थान बसलं असतं. भिंती गुलाबी, त्यावर पोपटी वेलबुट्टी, वेलबुट्टीच्या फटीत फुटक्या काकणांचे आणि कपबश्यांचे तुकडे. छताला निळं आभाळ, त्यात चंद्र आणि सूर्य एकाच वेळी उगवलेले. मधोमध राजवाड्याचे चार खांब, उंची मावेना म्हणून गुडघ्यात कापलेले. भिंतींना सात दरवाजे, त्यांतला उघडणारा एकच. बाकीचे सहा खिळ्यांनी ठोकलेले. नवखा पाहुणा निरोप घेऊन ऐटीत निघायचा आणि भलत्याच दाराला कपाळ फोडून घ्यायचा. काचेचं हंडीझुंबर इतकं खाली की सोयरे डोकं चोळत जेवायला बसत. मिस्त्रींच्या मेव्हण्याची भुवई त्यानंच फाटली होती. त्या घरातनं धड बाहेर पडलेला माणूस गल्लीत कुणाला माहीत नव्हता.

खैरुनबी, म्हणजे मिस्त्रींची बायको, सिंहासनावर बसून तांदूळ निवडत. नमाजाच्या वेळी सिंहांच्या आणि मोराच्या तोंडावर फडकी टाकत. "दुसऱ्यांच्या घरी देवाला पडदा असतो," त्या म्हणत, "माझ्या घरी जनावरांना."

एकदा घरभाडं न्यायला आलेला माणूस बोलून गेला, "मिस्त्री, हे घर हाय का तमाशाचा तंबू?" त्याचं नाक अजून डावीकडं झुकलेलं आहे.

तर असं ते घर. आणि ते मोडायला केरबा येणार होता, पट्टा सुटायला चाळीस दिवस होते.

पहिले दोन दिवस मिस्त्री स्वतःलाच शिव्या घालत हिंडले. आपणच उजवीकडच्या ढिगात चुकून सागवानी खुर्ची ठेवली असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिसऱ्या दिवशी अस्मादिकांना राहवेना. बोळात गेले, योग्य त्या दारातनं आत शिरले, झुंबर चुकवलं आणि सगळं कबूल केलं.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग एक अशी मुस्कटात ठेवून दिली की छतावरचा चंद्र आणि सूर्य दोन्ही फिरले.

"केरबाला सांगू नगंस," ते म्हणाले.

"अवो चाचा, पण चूक माझी हाय की."

"तुझ्या बरगड्या बघ. काडीपैलवान. त्यो तुला एका हातानं पिळून वाळत घालंल. आणि दुसरं सांगतो. मोडायची खुर्ची बसायच्या खुर्चीगत दिसती, शेजारी ठेवली तरी वळखू येत न्हाय, ही कारागिरी कुणाची?"

"तुमची."

"मग कारागिरी माझी, तर मारबी माझा. चल, नीघ. त्या दारानं न्हवं, मुडद्या!"

उशीर झाला होता. कपाळावर टेंगूळ आलंच.

खैरुनबींनी वेगळा मार्ग काढला होता. "अवो, माझा भाऊ जयसिंगपुरात हाय. त्याच्या वखारीत जागा हाय. समदं गाडीत घालू, तिकडं ठिवू. येऊ दे त्यो रेडा. मोकळ्या भिंती बघून जाईल."

मिस्त्रींनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की पोटची पोर शमशाद कुणाला देऊन टाकू म्हटलं असतं तरी तसं बघितलं नसतं. "लपवायचं? अठरा वर्सं दुसऱ्याच्या घणाखाली दिलं म्या. हितं एक न्हाय देणार. हात लावू दे त्याला. हात परत घिऊन जातोय का बघतो."

आणि मग माणसानं काय करावं? घर मोडायला येणार म्हटल्यावर त्यांनी ते आणखी सजवायला घेतलं. रोज कामावरनं आले की बादलीत प्लास्टर कालवत. खांबांवर द्राक्षांचे घोस चढले, घोसांवर पोपट बसले. सिंहांना सोनेरी आयाळ आली. मोकळी राहिलेली हातभर भिंत मोरपंखी झाली आणि तिच्यावर आरशाचे तुकडे बसले. ते बसवताना मिस्त्रींची दहाही बोटं चिरली आणि रंगात तांबडा मिसळला, तो तसाच राहू दिला. शमशाद म्हणाली, "अब्बा, आता आम्ही कुठं बसायचं?" मिस्त्री म्हणाले, "बसायला घर असतं व्हय?"

त्यात चौथ्या खांबावर त्यांचा हात सगळ्यांत जास्त फिरला. त्याचं कारण त्यांनी घरातल्यांनाही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तुळईला वाळवी लागली होती आणि ती खाली बसायला लागली होती. मालक लक्ष देईना. तेव्हा मिस्त्रींनी तीन पोकळ खांबांच्या जोडीला चौथ्याच्या पोटात खरा सागवानी टेकू घातला होता. टेकू दिसला की घर आजारी दिसतं, आणि आजारी घर त्यांना नको होतं. म्हणून ज्याच्या डोक्यावर सगळं छप्पर होतं, त्याच्याच अंगावर सगळ्यांत जास्त पोपट.

एकेचाळिसाव्या दिवशी, भर दुपारी केरबा आला. सायकलच्या कॅरिअरला घण बांधलेला, बरोबर चुलतभाऊ सयाजी. बोळातली सगळी दारं धडाधड उघडली. कोल्हापुरात मारामारी बघायला कुणी आमंत्रणाची वाट बघत नाही.

"मिस्त्री, भाईर ये!"

"पावणं, आत या की," मिस्त्री उंबऱ्यात उभे राहून म्हणाले. हातात प्लास्टर खरवडायची लोखंडी पट्टी.

केरबानं घण उचलला आणि डाव्या सिंहाच्या मानेत घातला. मुंडकं उडून गटारात पडलं. मिस्त्रींच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्यांनी पट्टी केरबाच्या मांडीत घुसवली. केरबानं त्यांना कॉलरला धरून घरात फेकलं. ते तिसऱ्या ठोकलेल्या दाराला जाऊन आपटले आणि खालच्या ओठातनं दात बाहेर आला. सयाजी मागनं आत घुसला, झुंबर त्याच्या कपाळात बसलं आणि तो रक्त पुसत पुसत मिळेल ते ओरबाडायला लागला. खैरुनबींनी फुंकणी त्याच्या मनगटावर अशी हाणली की हाताची बोटं पसरली ती मिटेनात. शमशादनं त्याच्या पाठीवर उडी घेऊन कान दातांत धरला. बापाचा गुण.

मिस्त्री उठले. तोंडातलं रक्त मोरपंखी भिंतीवर थुंकले. केरबा घण उगारून सिंहासनाकडं निघाला होता. मिस्त्री त्याच्या पोटाला डोक्यानं धडकले, खालनं गुडघा घातला, वरनं केस धरले. केरबानं त्यांची दोन बोटं मागं वाकवली. बोटं मोडल्याचा आवाज बोळात ऐकू आला म्हणतात. घण खाली पडला. मग मिस्त्रींनी राहिलेला हात मागं नेला, सगळ्या अठरा वर्षांचा जोर काढला, आणि केरबाच्या जबड्याच्या दिशेनं बुक्की सोडली.

बुक्की पोचायला वीतभर अंतर होतं. पण बारा वर्षांची सवय. बुक्की येताना दिसली आणि केरबा आपोआप उडाला. दोन्ही हात पसरून, डोळे पांढरे करून, कॅमेऱ्याला तोंड दिसेल असा तिरका, पाठीमागं पाच फूट. ज्या खांबावर तो जाऊन आदळला तो नेमका चौथा होता.

प्लास्टर फुटलं, पोपट उधळले. टेकू खालच्या दगडावरनं घसरला आणि तुळईनं मोठ्यानं कण्हून अंग सोडलं. दोन कौलं सिंहासनावर येऊन फुटली. सयाजी आल्या वाटेनं पळाला. वाट चुकली, दाराला धडकला, मग बरोबर दारातनं गेला.

"शमशाद! खैरू! भाईर!" मिस्त्री किंचाळले.

दोघी आतल्या कोपऱ्यात होत्या. मधून तुळई खाली येत होती. आणि केरबा, जो खांबाच्या बुडाशीच पडला होता, गुडघ्यावर उठला, तुळईखाली खांदा घातला आणि ताठ झाला. का, ते त्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही. अंगावर काही पडायला लागलं की खाली जायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. वर जायची ती पहिलीच वेळ.

तुळई थांबली. दोघी त्याच्या काखेखालनं बाहेर गेल्या.

मग घरात दोघंच राहिले. केरबा छप्पर घेऊन उभा, मांडीतनं रक्त गळतंय. मिस्त्री समोर, दोन बोटं लोंबतायत. मिस्त्री जवळ गेले आणि त्याच्या थोबाडात ठेवून दिली. मग दुसरी.

"मार, मार," केरबा दात खाऊन म्हणाला. "हात मोकळं न्हाईत म्हणून मारालायस."

"बारा वर्सं हात मोकळं असून काय दिवं लावलास?"

"टेकू बसीव मर्दा! खांदा तुटालाय!"

मिस्त्रींनी तिसरी आवरली आणि पहार आणायला पळाले. एका हातानं काय होणार? खैरुनबी आणि शमशाद परत आत आल्या, "मेलो तर समदी मरू" म्हणत. सरळ करायचा टेकू जड, जमीन प्लास्टरच्या चुऱ्यानं निसरडी. पाव तास गेला असेल. तोवर केरबाला हलता येत नव्हतं, बोलायचा दम नव्हता, मग तो बघायला लागला. सबंध घर त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"मिस्त्री," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ती मोराची पाठ... हिरोनं माझं टाळकं तिच्यावर आपटलंतं."

"व्हय. मोराची चोच तवाच गेली. म्या नवी बसीवली."

"आणि ह्या तांबड्या दारातनं मला फेकलंतं."

"तीन टेक घेतलंतं."

"भाईरच्या सिंहाच्या पायाशी..." केरबा थांबला. त्या सिंहाच्या पायाशी तो मेला होता. हिरोनं तलवार पोटात खुपसली होती आणि केरबा इतका चांगला मेला होता की डायरेक्टरनं त्या दिवशी त्याला नावानं हाक मारली होती. आत्ताच त्याचं मुंडकं त्यानं स्वतः गटारात घातलं होतं. "आयला," तो म्हणाला, "माझा समदा मार हितंच हाय की रं!"

मिस्त्रींनी पहार टेकूच्या बुडाशी घातली. "एक बोटभर वर उचल. तीन म्हटल्यावर. दम लागंल."

"बरगडी आत्ता जुळलीया, मिस्त्री."

"ठावं हाय."

एक, दोन, तीन. केरबानं डरकाळी फोडली, तुळई बोटभर वर गेली, त्याच्या छातीत पुन्हा तोच उसाच्या कांड्याचा आवाज झाला, आणि टेकू दगडावर बसला.

केरबा सरळ सिंहासनावर कोसळला. खैरुनबींनी त्याच्या मांडीला ओढणी गच्च आवळून बांधली, आणि बांधता बांधता त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "पाणी पिणार का, मुडद्या?" "द्या की, चाची," केरबा म्हणाला.

बोळातली माणसं उंबऱ्यात गोळा झाली होती. सिंहासनावर रक्तानं माखलेला सहा फुटी माणूस, पायाशी फुटके पोपट, वर चंद्र-सूर्य. शेजारची तानाबाई म्हणाली, "बया, आता घर पुरं झालं!"

पुढं स्टुडिओला कुलूप लागलं, मिस्त्रींची दोन बोटं वाकडीच राहिली, मालकानं यथावकाश तुळई बदलली. सिंहाचं मुंडकं मिस्त्रींनी गटारातनं काढून धुऊन बसवलं. ते थोडं वाकडं बसलं, आणि तेव्हापासून तो सिंह आल्यागेल्याकडं संशयानं बघतो. केरबा दर ईदला शिरखुर्मा प्यायला येतो, उंबऱ्यात वाकतो, झुंबर चुकवतो आणि सिंहासनावर बसतो. तिथं दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला खपत नाही. एका ईदला मेव्हण्याला त्यानं मानगूट धरून उठवलं होतं.

फक्त चौथा खांब माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर उघडा आहे. पोपट नाही, द्राक्षं नाहीत, रंग नाही. आतला सागवान तसाच दिसतो. सबंध घरात रिकामी जागा तेवढी एकच. घरात प्लास्टर नाही असं नाही, खाटेखाली दोन पोती आहेत. पण मिस्त्री त्या खांबाला कुणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी निघताना केरबा लंगडत म्हणाला होता, "मिस्त्री, खांब मी फोडला, अर्धं पोतं प्लास्टर माझ्याकडनं. शिरोळला जाऊन आलो की आणून टाकतो."

शिरोळला तो त्यानंतर शंभरदा जाऊन आला असेल.